हातातोंडाची गाठ

पावसाळ्यात आमच्या साताऱ्याच्या घरामागची फरशी शेवाळते. कपडे वाळत घालताना तिच्यावर पाय सटकला आणि मी उजव्या कोपरावर आपटले. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "दंडाचं हाड अगदी खाली, कोपराशी मोडलंय. चिरा सांध्यात गेल्यात." सीटी स्कॅनमध्ये तुकडे नीट दिसले.

प्लास्टरवर भागणार नाही का, हे मी विचारलंच. ते म्हणाले, "हाड जुळेलही, पण वेडंवाकडं. आणि इतके आठवडे जखडून ठेवलेलं कोपर पुन्हा वाकेलच असं नाही. हा सांधा फार लवकर आखडतो."

ऑपरेशनची रीत ऐकून मात्र पोटात गोळा आला. आतला सांधा नीट दिसावा म्हणून कोपराचं टोक, म्हणजे आपण टेबलावर टेकवतो तेच हाड, कापून बाजूला करायचं. तुकडे जुळवायचे, दंडाच्या हाडाला दोन प्लेटा स्क्रूने बसवायच्या आणि कापलेलं टोक तारेने परत बांधायचं. अशा मोडीला एक प्लेट सहसा पुरत नाही. बांधणी इतकी पक्की हवी, की हात लवकर हलवता आला पाहिजे.

शुद्धीवर आले तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची एक बाजू बधिर होती. कोपर कशावर आपटलं की झिणझिण्या येतात ती नस तिथेच हाडाला खेटून जाते. ऑपरेशनमध्ये ती सोडवून सांभाळावी लागते. मुंग्या काही महिन्यांनी ओसरल्या.

खरी परीक्षा त्यानंतरची. फिजिओथेरपीवाली मुलगी पहिल्याच दिवशी म्हणाली, "काकू, हात तुम्हीच वाकवायचा. मी जोर लावणार नाही." ती कोनमापकासारखी पट्टी लावून अंश मोजायची. १९८१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या बर्नार्ड मॉरे यांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिलं होतं, की रोजची बहुतेक कामं कोपर ३० ते १३० अंशांत हललं तरी होतात. माझं गाडं नव्वदीच्या आसपास अडलं होतं. पोळीचा तुकडा हनुवटीखाली येऊन थांबायचा, मग मीच मान वाकवून तो गाठायचे. कानातलं घालायला आणि वेणी घालायला सूनबाई.

या काळात सल्ले फार. मावशी तेलाची बाटली घेऊनच आल्या. "आमच्या गावच्या हाडवैद्याकडून चोळून घे, आठवड्यात सुटेल." डॉक्टरांनी हेच करू नका म्हणून बजावलं होतं. कोपर रगडलं किंवा जबरदस्तीने ओढलं, तर आजूबाजूच्या स्नायूंत नको तिथे हाड धरू शकतं आणि उरलीसुरली हालचालही जाते.

आज माझा हात पूर्ण सरळ होत नाही, शेवटचे थोडे अंश राहिलेच. टेबलावर कोपर टेकलं की तार टोचते. प्लेटा आतच आहेत. त्रास नसेल तर त्या काढाव्या लागत नाहीत. पण मी माझ्या हाताने जेवते, वेणी घालते, कणीक मळते. सौदा वाईट नाही.

तुमच्या घरात कुणाचं कोपर असं मोडलंच, तर ऑपरेशनआधीच डॉक्टरांना विचारा, की हात हलवायला कधी सुरुवात करायची. आणि तेलाची बाटली घेऊन येणाऱ्यांना चहा जरूर पाजा, हात मात्र देऊ नका.