न्यू 23

ईमॅक्स चालू केला की ‘स्क्रॅच’ नावाचा एक बफर आयताच तयार असतो. बाबा रे, इथलं काही सेव्ह होत नाही, असं त्यात वरतीच लिहिलेलं असतं. तरी मी दिवसभर त्यातच खरडतो. लॉगमधल्या चार ओळी, कुठल्यातरी सर्व्हरचा आयपी, दुपारच्या बिर्याणीचे कोणाकडून किती येणे... सगळं तिथेच. संध्याकाळी ईमॅक्स बंद केला की तो काही न विचारता सगळं टाकून देतो. आणि तेच मला आवडतं!

यातली एक मेख बऱ्याच जणांना ठाऊक नसते. कंट्रोल-एक्स, मग बी दाबून नवीन नाव दिलंत तर बफर मिळतो, पण त्यामागे फाईल नसते. बंद करताना कोणी हटकत नाही. तेच कंट्रोल-एक्स, कंट्रोल-एफ करून नाव दिलंत तर फाईल डिस्कवर अजून नसली तरी बफर तिच्याशी बांधला जातो. मग त्यात काही लिहून बंद करायला गेलात की तो विचारणारच. शिवाय ऑटोसेव्ह सुरू होतं: साधारण 300 कळा दाबल्यावर, किंवा 30 सेकंद काही टाईप केलं नाहीत तर. पण ही प्रत अपघातापुरती, खरंखुरं सेव्ह केलंत की ती पुसली जाते. व्हिमची स्वॅप फाईल त्याच जातीची. 200 अक्षरं किंवा 4 सेकंदांची शांतता झाली की ती लिहिली जाते, आणि नीट बाहेर पडलात की गायब. दोन्ही म्हाताऱ्यांचा हिशोब सरळ आहे. ठेवायचंय? मग नाव द्या.

नवे एडिटर फार प्रेमळ. नोटपॅड प्लस प्लस दर 7 सेकंदांनी तुमच्या बिननावाच्या टॅबांची प्रत गुपचूप ठेवतो. बंद करून उघडा, ‘न्यू 1’, ‘न्यू 2’ सगळे जागच्या जागी. व्हीएस कोड तसाच, विंडोज 11 चा नोटपॅडही आता तसाच. सोय आहेच, नाही कोण म्हणतंय? फक्त ती प्रत तुमच्याच मशीनवर, तुमच्याच युजर फोल्डरमध्ये असते.

आमच्या टीममध्ये एक सिनियर होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. दर महिनाअखेरीला क्लायंटच्या फाईलमधल्या खराब एंट्र्या ते एका क्वेरीने पाच मिनिटांत शोधून द्यायचे. अण्णांनी कंपनी सोडली, केकबिक कापून झाला, लॅपटॉप जमा झाला आणि सपोर्टवाल्यांनी नियमाप्रमाणे फॉरमॅट मारला. पुढच्या 31 तारखेला रात्री अकराला आम्ही त्यांना फोन लावला.

“अरे, ती माझ्या नोटपॅडमध्येच होती ना! न्यू 23 की काय... तीन वर्षं तिथेच आहे.”

बिचाऱ्यांनी कुरकूर न करता आठवेल तशी क्वेरी फोनवर सांगितली. टेबलं आठवली, जॉइन आठवले. दोन ब्रँच कोड वगळायचे असतात, हेही आठवलं. का वगळायचे, ते मात्र नाही. “मी तिथेच कॉमेंटमध्ये लिहून ठेवलं होतं रे,” म्हणाले. ते कोड धरून आणि सोडून, दोन्ही प्रकारे आकडे जुळवत बसलो. पहाटे चार वाजले.

हे अण्णांच्या विसरभोळेपणामुळे झालं असं मी म्हणणार नाही. तीन वर्षांत त्यांना एकदाही ‘सेव्ह करू का’ असं कोणी विचारलंच नव्हतं. तो प्रश्न किती कटकटीचा वाटतो आपल्याला! पण ‘ही गोष्ट कोणाकोणाला लागणार आहे?’ हेही त्या निमित्ताने क्षणभर डोक्यात येतं.

ती क्वेरी आता टीमच्या गिट रेपोमध्ये आहे, सरळसोट नाव देऊन. त्या दोन कोडांच्या ओळीवर मी कॉमेंट टाकलीय: ‘कारण माहीत नाही. काढू नये.’