खुनी बाहेरचा निघाला!

अब्बांच्या पत्र्याच्या पेटीत बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि इब्ने सफींचा कर्नल फरीदी शेजारी शेजारी राहायचे. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांची गोडी मला त्या पेटीने लावली. पुढे बी.एड. झाले, सेनगावात दोन्ही भाषा शिकवू लागलो. पण खूनकथेची सवय काही सुटली नाही.

परवा अशीच एक जाडजूड कादंबरी संपवली. नाव सांगत नाही. वाड्यात म्हाताऱ्या सावकाराचा खून होतो. घरातल्या सहा जणांवर संशय. मी तीन रात्री जागलो, वहीच्या मागे नावं लिहिली, खोडली. आणि शेवटी खुनी कोण? तर परगावचा रखवालदार! अर्धं पुस्तक उलटेपर्यंत त्याचा पत्ताच नाही. एका पानात तो गुन्हा कबूल करतो आणि संपलं.

धक्कादायक शेवटाबद्दल माझी तक्रार नाही. अगाथा ख्रिस्तीच्या १९२६ च्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’चा शेवट वाचून कितीतरी वाचक चिडले होते. पण ते पुस्तक पुन्हा वाचा, सगळ्या खुणा पहिल्यापासून तिथेच असतात. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यातला पहिलाच असा, की गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागात वाचकाला भेटलेला असावा. आमचे गणिताचे सर म्हणतात तसंच, रीत दाखवली नाही तर नुसत्या उत्तराला गुण नाहीत.

मला जास्त लागलं ते वेगळंच. रखवालदाराला पकडून नेल्यावर घरातली सहाही माणसं सुटकेचा श्वास सोडतात आणि चहा पितात. ‘बाहेरचाच निघाला!’ हे वाक्य आपण गावोगाव ऐकतो. वर्गात कंपासपेटी हरवली की पहिली बोटं नव्याने आलेल्या पोराकडे वळतात. मी विचारतो, “पाहिलं कुणी?” वर्ग गप्प. ज्याच्या बाजूने बोलायला कुणी नाही, त्याच्यावर आळ घ्यायला पुरावा लागत नाही. खऱ्या आयुष्यात हे रोज घडतं. निदान गोष्टीत तरी इन्साफ हवा.

माझ्यापुरता तो तपास अजून बंद झालेला नाही. माझा संशय धाकट्या सुनेच्या भावावर आहे. खुनाच्या सकाळी त्याच्या चपला ओल्या होत्या, आणि लेखकाने पुढे त्यांचं काहीच केलं नाही.