खाऱ्या वाऱ्यातली सहा घरं

दापोली तालुक्यात, भरतीरेषेपासून नियमाचं अंतर सोडून, सहा रो-हाऊसची एक ओळ बांधायचं काम माझ्याकडे आलं. घरं घेणारी बहुतेक कुटुंबं मुंबई-पुण्याची, एक गावातलंच. पहिल्या बैठकीला सगळे याद्या घेऊन आले होते: कुठल्या टाइल, कसले नळ, ओटा काळा की पांढरा. सिमेंट, वाळू, पाणी यांबद्दल कुणी शब्द काढला नाही. ते स्वाभाविकच आहे, कारण हे सगळं गिलाव्याआड जाणारं. पण समुद्रकाठच्या घराचं आयुष्य नेमकं तिथेच ठरतं, आणि माझा सगळा आग्रह त्यासाठी होता: पैसे आधी न दिसणाऱ्या वस्तूंवर खर्च करू, उरले तर दिसणाऱ्यांवर.

नमुने मागवण्याआधी मी गावात फिरले. जांभ्या चिऱ्याची जुनी घरं ओळंब्यात उभी होती. त्यांच्या शेजारची, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची काँक्रीटची घरं मात्र थकलेली. सज्ज्यांचे पोपडे निघालेले, आतल्या सळ्या लाल होऊन बाहेर डोकावणाऱ्या. सगळा दोष पावसाला देतात. पाऊस इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो हे खरं, पण सळीचा खरा शत्रू मीठ. वाऱ्यातून आलेले क्षार ओलीबरोबर काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून सळीपर्यंत पोचले, की तिच्यावरचं संरक्षक कवच फुटतं आणि गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. तो फुगतो आणि आतून काँक्रीट फोडतो. बाहेरून कितीही महाग रंग लावला तरी हे थांबत नाही.

म्हणून पहिला निर्णय काँक्रीटचा. भारतीय मानक ४५६ मध्ये किनाऱ्याच्या उघड्या हवेतलं काँक्रीट ‘तीव्र’ वर्गात धरलं आहे. त्यासाठी किमान एम-३० प्रतीचं काँक्रीट, घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट, सिमेंटच्या ०.४५ पटीपेक्षा जास्त पाणी नाही, आणि सळीवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण. साइटवर याला नुसतं ‘कव्हर’ म्हणतात. मी बाहेरच्या प्रत्येक कॉलम, बीम आणि सज्ज्यासाठी हेच धरलं. घरातल्या झाकलेल्या भागांना कमी चालतं.

कव्हर ही वस्तू दुकानात मिळत नाही, ती साइटवरच सांभाळावी लागते. स्लॅबच्या सळ्या बांधून झाल्या की त्यांच्याखाली ठोकळे ठेवायचे असतात, म्हणजे सळी फळीला टेकत नाही. घाईत कामगार जवळची खडी उचलून खाली सरकवतात. माणूस वरून चालला की खडी निसटते, सळी खाली बसते आणि कागदावरचे पंचेचाळीस मिलिमीटर प्रत्यक्षात दहा-बारा उरतात. आम्ही ठोकळे स्लॅबच्याच प्रतीच्या काँक्रीटचे आधी ओतून, पाण्यात मुरवून तयार ठेवले होते. काँक्रीट ओतायच्या सकाळी मुकादम आणि मी गुडघ्यावर बसून, हातात पट्टी घेऊन, ते एकेक तपासत गेलो. या कामाला खर्च जवळजवळ नाही, आणि घराच्या आयुष्यात त्याच्याइतकी भर दुसरं काही घालत नाही.

सिमेंट स्लॅगचं घेतलं. झोतभट्टीतल्या मळीपासून होणाऱ्या या सिमेंटचं काँक्रीट जास्त घट्ट असतं, क्षार त्यातून सावकाश शिरतात. मात्र त्याला सुरुवातीची ताकद हळू येते. त्यामुळे टेकू लवकर काढता येत नाहीत आणि पाणी निदान चौदा दिवस मारावं लागतं. आगोटीच्या आत स्लॅब उरकायचे, म्हणजे पाणी मारायचं एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हा कोकणात विहिरी तळाला गेलेल्या असतात. ओली गोणपाटं अंथरली, त्यांवर प्लॅस्टिक घातलं, टँकर लावला.

त्याआधी पाणी तपासलं होतं. जागेवरच्या विहिरीचं पाणी पिऊन खारट लागत नव्हतं, पण जिभेवर विसंबून चालत नाही. सळीच्या काँक्रीटसाठी पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही. प्रयोगशाळेचा आकडा त्याच्या वर आला. ती विहीर बागेसाठी ठेवली आणि बांधकामाला वरच्या वाडीचं पाणी आणलं. वाळूचंही तसंच. खाडीची वाळू जवळ आणि स्वस्त, शिवाय पुरवणारा छातीठोकपणे सांगतो की धुतलेली आहे. ती वाळू मी साइटवर उतरू दिली नाही. काळ्या दगडाची, धुतलेली क्रश सँड वापरली. मानकांनाही ती मान्य आहे. गवंड्यांची तक्रार होती की ती हाताला खरखरीत लागते, गिलावा ओढताना त्रास होतो. तक्रार खरी आहे. गिलाव्यासाठी बारीक चाळलेली वेगळी मागवली.

सळ्यांवर इपॉक्सीचा लेप असलेला मालही सुचवला गेला. छोट्या साइटवर सळ्या वाकवताना, ओढताना लेप खरचटतो आणि खरचटलेल्या जागी गंज एकवटतो. मी साध्या एफई ५०० डी सळ्या घेतल्या, लागतील तेवढ्याच टप्प्याटप्प्याने आणल्या, आणि वाचलेले पैसे काँक्रीटमध्ये घातले.

भिंतींसाठी हलके एएसी ब्लॉक घ्यावेत असं पुण्याच्या एका कुटुंबाचं म्हणणं होतं. ब्लॉक वाईट नाहीत. वजन कमी, काम झपाट्याचं, उष्णताही कमी शिरते. पण ते घाट उतरून यायचे, वाटेत कडा तुटायच्या, आणि पावसात थप्पीत भिजले की पाणी पितात. इथे चिरेखाणी हाताशी आहेत. शिवाय ओळीतल्या घरांमध्ये भिंत सामाईक असते. शेजारच्या घरातला टीव्ही आपल्या खोलीत ऐकू येऊ नये असं वाटत असेल तर भिंत जड हवी, आणि जांभा जड आहे. रत्नागिरीत थिबा राजासाठी १९१० साली बांधलेला राजवाडाही जांभ्याचाच. सामाईक आणि बाहेरच्या भिंती चिऱ्याच्या, आतल्या पडद्या तेवढ्या ब्लॉकच्या, असं ठरलं.

चिरा निवडायला मी स्वतः खाणीवर गेले. वरच्या थरातला चिरा टणक. खाली जावं तसा तो मऊ होत जातो, त्यात पांढरट चिकणमातीचे डोळे दिसू लागतात. तो माल नको. हातोडीने ठोकलं की चांगला चिरा खणखणतो, भुसभुशीत बद्द वाजतो. ताजा कापलेला जांभा ओला आणि नरम असतो, हवा लागली की कडक होतो, म्हणून कापल्यावर उन्हात काही आठवडे ठेवलेलाच उचलला. पूर्वेकडच्या पडवीत चिरा उघडा ठेवून दर्जा भरल्या. पश्चिमेकडे, जिथे पावसाची झड थेट भिंतीवर येते, तिथे दोन हातांचा गिलावा.

सगळ्यात जास्त वाद छपरावर झाला. सहा घरांचं छप्पर सलग, त्यामुळे प्रत्येकाचा वेगळा हट्ट चालणार नव्हता. रंगीत पत्रा झटपट होतो. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडेही पत्रे पानांसारखे उडाले होते. आणि पत्रा टिकला तरी त्याचे स्क्रू आधी गंजतात. मंगळुरी कौलं सगळ्यांना देखणी वाटत होती. तेव्हा गावातल्या कुटुंबातल्या आजी एवढंच म्हणाल्या, “बाय, त्या वांदरांचं काय?” त्यांचं बरोबर होतं. वानरांच्या उड्यांनी कौलं फुटतात म्हणून कोकणात कित्येकांनी ती उतरवून पत्रे चढवले आहेत. शेवटी उतरती काँक्रीटची स्लॅब घालून तिच्यावर कौलं बसवली. कौल फुटलं तरी घरात पाणी येत नाही, उन्हाळ्यात स्लॅब तापत नाही. पागोळ्या भिंतीपासून चांगल्या लांब पडाव्यात म्हणून वळचण तीन फूट पुढे काढली. भिंतीला वाचवणारं याहून स्वस्त साधन मला माहीत नाही.

बाकीचं भराभर ठरलं. पश्चिमेच्या खिडक्या यूपीव्हीसीच्या, मुख्य दारं मुरलेल्या फणसाची, कारण त्याला वाळवी सहसा लागत नाही. कठडे ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे. नेहमीचं ३०४ समुद्राजवळ तपकिरी डाग धरतं. जमिनीला कोटा. टाइलच्या यादीतली निम्मी नावं खर्चाच्या हिशेबात गळाली, आणि सहाही घरांनी ते मान्य केलं याचं मला फार बरं वाटलं.

कोकणात ओळीतलं घर घेणार असाल तर बांधणाऱ्याकडे तीन गोष्टी मागा: पाण्याचा क्लोराइड अहवाल, काँक्रीटच्या ताकदीचे चाचणी निकाल, आणि स्लॅब ओतण्याआधीचे सळ्यांखालच्या कव्हरचे फोटो. रेरा कायद्याने बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षं त्याच्यावर आहे. गंज बहुतेक वेळा त्यानंतर दिसतो.