न घडलेल्या गोष्टींचं इंग्रजी

आमच्या कारखान्यात एक तक्ता आहे, त्यात न घडलेल्या गोष्टी लिहायच्या असतात. एफएमईए म्हणतात त्याला, फेल्युअर मोड अँड इफेक्ट्स ॲनालिसिस. कुठल्या ऑपरेशनला काय बिघडू शकतं, बिघडलं तर पुढे गाडीत काय होईल, कशामुळे होईल आणि माल बाहेर जाण्याआधी ते आपल्याला सापडेल का, हे ओळीने मांडायचं. शुभ बोल रे नाऱ्या म्हटलं की मांडवाला आग लागली म्हणणाऱ्या त्या नाऱ्याला इथे पगार देऊन बसवतात. चाकणला आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये सध्या तो नाऱ्या मी आहे.

मी आयटीआयचा फिटर. शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी पाचवीपासून. लाइनवरून क्वालिटीत आलो तेव्हा तक्त्याच्या इंग्रजीची धास्ती होती, पण तक्त्याने त्रास दिला नाही, कारण त्यात क्रियापदच लागत नाही. ‘बोल्ट लूज’, ‘नॉइज’, ‘लॉस ऑफ ब्रेकिंग’ एवढं लिहिलं की काम झालं. परिणाम किती गंभीर, कारण किती वेळा घडण्यासारखं, दोष सापडणं किती अवघड, या तिन्हींना १ ते १० आकडे द्यायचे. पूर्वी या तिघांचा गुणाकार करून आरपीएन काढत, तो जास्तीत जास्त १००० व्हायचा. २०१९ च्या हँडबुकने तो बाजूला सारून हाय, मीडियम, लो अशी ॲक्शन प्रायॉरिटी आणली. मूळ पद्धत अमेरिकी लष्कराची, १९४९ सालची. न घडलेल्या गोष्टीला आकडा देणं मला लवकर जमलं. तिला क्रियापद देताना मात्र भंबेरी उडाली.

कस्टमर ऑडिट होतं. परदेशी ऑडिटर ब्रॅकेटच्या स्टेशनपाशी थांबले. तिथे नटरनरने दोन बोल्ट आवळायचे आणि प्रत्येकावर पेंटची खूण करायची. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘व्हॉट वुड हॅपन इफ द ऑपरेटर स्किप्ड धिस स्टेप?’ माझ्या कानाने त्यातला ‘स्किप्ड’ तेवढा टिपला. ईडी लागला की भूतकाळ, हे पाचवीत घोटून घेतलेलं. छातीत धस्स झालं. कोणी स्किप केली? कधी? मी ऑपरेटरकडे बघतोय, ऑपरेटर माझ्याकडे. शेजारचा प्रोसेस इंजिनीअर थंडपणे म्हणाला, ‘द नेक्स्ट स्टेशन वुडन्ट स्टार्ट.’ ऑडिटरनी मान हलवली, टिपून घेतलं आणि पुढे गेले. कोणी काही सोडलेलं नव्हतं, कोणावर आळही नव्हता.

त्यानंतर मी संध्याकाळचा इंग्रजीचा क्लास लावला. मॅडमनी फळ्यावर चार प्रकार काढले: झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड कंडिशनल. नंबर पाठ झाले, उजेड पडेना. मग मी म्हटलं, ‘मॅडम, बोल्टवर सांगा.’ त्यांनी तीन वाक्यं लिहिली.

‘इफ द बोल्ट इज लूज, द ब्रॅकेट विल रॅटल.’ बोल्ट ढिला असेलही, जाऊन बघ.

‘इफ द बोल्ट वेअर लूज, द ब्रॅकेट वुड रॅटल.’ बोल्ट ढिला आहे असं बोलणारा धरून चाललेला नाही, आत्ताचीच गोष्ट कल्पून बघतोय.

‘इफ द बोल्ट हॅड बीन लूज, द ब्रॅकेट वुड हॅव रॅटल्ड.’ तेव्हा बोल्ट घट्ट होता, आवाज आला नाही, विषय संपला.

एकट्या बोल्टला ‘वेअर’ कशाला, हे विचारून घेतलं. मॅडम म्हणाल्या, कल्पनेत एकालाही ‘वेअर’ चालतं. बोलताना लोक ‘वॉज’ही म्हणतात. मग त्यांनी मलाच विचारलं, ‘पाऊस पडला तर मॅच रद्द होईल, यातला पाऊस पडून गेलाय का?’ मी गप्प. ‘पडला’ हा आपलाही भूतकाळच, आणि पाऊस तर अजून यायचाय. ऑडिटरचा प्रश्न मराठीत विचारला असता तर तोही ‘ऑपरेटरने स्टेप सोडली तर’ असाच झाला असता, आणि मी अजिबात दचकलो नसतो.

घरी येऊन मी आपलीच वाक्यं तपासायला घेतली. बोल्ट ढिला असेल तर, असला तर, असता तर. शंका, शक्यता आणि नकार, सगळं एका क्रियापदाच्या शेवटात. ‘असता’ म्हटलं की तो ढिला नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही. इंग्रजीतही तेच. एका तक्रारीच्या आठ पायऱ्यांच्या रिपोर्टात, ज्याला आम्ही एट-डी म्हणतो, कोणीतरी ‘इफ द सेन्सर हॅड वर्क्ड’ असं लिहिलं होतं. वाक्यात ‘नॉट’ कुठेच नाही, तरी सेन्सर बंद होता याची कबुली गेली की गिऱ्हाइकाला!

मग अडतं कुठे? ‘माझ्याकडे पैसे असते तर गाडी घेतली असती.’ हे आजचं की पाच वर्षांपूर्वीचं? मराठीत दोन्ही. ऐकणारा संदर्भावरून समजून घेतो. इंग्रजी मात्र अडवून विचारतं, आत्ता की तेव्हा? आत्ताचं असेल तर ‘इफ आय हॅड मनी, आय वुड बाय’. तेव्हाचं असेल तर ‘इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट’. दोनदा ‘हॅड’ बघून मला छपाईची चूक वाटली होती. खरं नाही म्हणून क्रियापद एक पायरी मागे, आणि तेव्हाचं म्हणून आणखी एक. शिवाय आपल्याकडे ‘असते’ आणि ‘असती’ तरच्या दोन्ही बाजूंना सुखाने नांदतात. त्यांच्याकडे ‘वुड’ने परिणामाच्या बाजूला राहायचं, ‘इफ’च्या घरात यायचं नाही. ‘इफ आय वुड हॅव नोन’ हे आपल्या तोंडी सहज येतं ते त्यामुळेच. बोलताना अमेरिकन माणसंही असं म्हणतात, पण परीक्षेत मार्क जातात.

बरं, ‘वुड’ला एवढं एकच काम असतं तर निभलं असतं. ‘माय फादर वुड वॉक टु वर्क’ म्हणजे वडील खरोखर रोज चालत जायचे. त्यात जर-तर काही नाही. ‘वुड यू सेंड द रिपोर्ट’ म्हणजे रिपोर्ट पाठवा, आजच. फोनवर तर ते पुरतं ऐकूच येत नाही. ‘आय’ड’ म्हणजे ‘आय हॅड’ की ‘आय वुड’, हे पुढचं क्रियापद येईपर्यंत कळत नाही, आणि तोवर समोरचा पुढच्या मुद्द्यावर गेलेला असतो. कधी ‘इफ’च गायब: ‘हॅड वी नोन’. प्रश्न समजून मी उत्तर शोधायला लागतो, तर तो प्रश्न नसतोच.

परवा एक जुनी तक्रार पुन्हा उघडली. झिजलेलं सॉकेट वेळेवर बदललं नव्हतं, म्हणून माल परत आला होता आणि स्टोअरमध्ये पडून होता. मी क्लासच्या वहीत लिहिलं, ‘इफ वी हॅड रिप्लेस्ड द सॉकेट, द पार्ट्स वुड नॉट बी हिअर नाऊ.’ बदलायचं होतं तेव्हा, माल पडलाय आत्ता; म्हणून पहिलं अर्धं थर्डचं, दुसरं सेकंडचं. मॅडमनी बरोबरची खूण केली. मी विचारलं, ‘याचा नंबर कितवा?’ म्हणाल्या, ‘नंबर नाही, याला मिक्स्ड म्हणतात.’ आमच्याकडे मिक्स्ड पार्ट निघाला तर सगळा लॉट होल्डवर जातो. इंग्रजीने तो पास केलाय, तेव्हा आता मलाही करणं भाग आहे.