सर्व्हरची निवड

यंत्र विकत घेणें आणि मुलीसाठीं स्थळ पाहणें या दोन व्यवहारांत आपल्या लोकांनीं एक साम्य राखिलें आहे: दोहोंतही आधीं रूप पाहतात, स्वभावाची चौकशी मागाहून होते. सालेकसा येथील आमच्या स्नेही मंडळींनीं गांवाचें चित्रवाणी केंद्र काढण्याचा घाट घातला आणि सर्व्हर कोणता घ्यावा असें आम्हांस विचारलें, तेव्हां एका विक्रेत्याचें जाडजूड दरपत्रक त्यांच्या हातीं येऊन पडलेंच होतें.

सालेकसा हा गोंदिया जिल्ह्याचा पूर्वेकडील तालुका. मुंबई-हावडा लोहमार्ग येथून पुढें छत्तीसगडांत शिरतो. माघी पौर्णिमेच्या सुमारास कचारगडच्या गुहांशीं दूरदूरच्या प्रांतांतून गोंड लोक यात्रेला जमतात. ती यात्रा, तेथील गाणीं, वृद्धांच्या तोंडच्या गोंडी कथा घरोघरीं दिसाव्यात, ही मंडळींची इच्छा. पण कायद्याची वाट अरुंद. समाज-रेडिओचें दार स्वयंसेवी संस्थांना २००६ सालीं उघडलें. चित्रवाणीला तसें दार अद्याप नाहीं. म्हणजे मनोरा उभारण्याचा प्रश्नच मिटला. केबलचालकाची स्थानिक वाहिनी किंवा इंटरनेट, एवढेच मार्ग उरले. गुजरातेंत खेडा जिल्ह्यांतील पीज येथें १९७५ सालीं एक किलोवॉटचा सरकारी प्रक्षेपक लागला होता, आणि त्यावर गांवकरी आपल्याच अडचणींविषयींचे कार्यक्रम पाहत. तो १९८५ सालीं बंद झाला. त्या प्रयोगाची आठवण काढणारे यंत्राच्या शक्तीविषयीं क्वचितच बोलतात. पडद्यावर कोण बोलत होतें, हेंच सांगतात.

दरपत्रकांतील सर्व्हर राजेशाही होता. मोठें कपाट, सोळा तबकड्या आणि अहोरात्र घोंघावणारे पंखे. आम्हीं कागद-पेन्सिल घेतली. असें यंत्र सरासरी २५० वॅट ओढतें असें धरलें, तर दिवसाला ६ युनिटें जळतात; २५ वॅटांच्या लहान यंत्राला अर्ध्या युनिटाहून थोडें अधिक पुरतें. शिवाय मे महिन्यांतील विदर्भाची उष्णता! जेथें माणसाला पंखा पुरत नाहीं, तेथें यंत्रासाठीं शीतयंत्र आलें, आणि वीज गेली कीं दोघांचेंही मरण एकदम.

पुढें प्रेक्षकांचा हिशोब. चांगलें चित्र सेकंदाला ४ मेगाबिट मागतें. शंभर घरें आपल्याच सर्व्हरकडून थेट पाहूं लागलीं, तर ४०० मेगाबिट बाहेर जावे लागतील, आणि तालुक्याच्या तारेवर एवढा भरवसा ठेवणें धाडसाचें. त्यापेक्षां एकच धार मोठ्या शहरांतील वितरकाकडे पाठवावी आणि ती शंभर ठिकाणीं वाटण्याचें काम त्याच्यावर सोंपवावें. एवढ्यासाठीं लहान यंत्र भरपूर आहे. एकाऐवजीं तशींच दोन घ्यावींत, म्हणजे एक बिघडलें तर दुसरें लावतां येईल आणि गोंदियाहून कारागीर येईपर्यंत केंद्र मुकें राहणार नाहीं.

आमची खरी चिंता मात्र निराळीच होती. प्रक्षेपण घडीभराचें असतें. म्हाताऱ्या बाईनें गाइलेलें गाणें दुसऱ्यांदा मिळेलच असें नाहीं. मूळ चित्रण सेकंदाला ५० मेगाबिटांनीं ठेवलें, तर एका तासाला साडेबावीस गिगाबाइट लागतात. दोन तबकड्यांवर एकदम लिहिण्याची सोय विक्रेत्यानें मोठ्या अभिमानानें दाखविली होती. ती उपयुक्त आहे. एक तबकडी मेली तरी काम चालतें. परंतु चुकून पुसलेलें दोहोंवरूनही पुसलें जातें, आणि वीज कोसळली तर ती दोन तबकड्यांत भेदभाव करीत नाहीं. म्हणून आम्हीं तिसरी प्रत मागितली. ती दर आठवड्याला भरावी, यंत्रापासून काढावी आणि दुसऱ्या गांवीं दुसऱ्याच्या कपाटांत ठेवावी. या मागणीला विक्रेत्याच्या दरपत्रकांत रकानाच नव्हता.

वाचलेल्या पैशांत दोन बरे मायक्रोफोन आणि बॅटऱ्या येतील, असें ठरलें. तेवढ्यांत मंडळींपैकीं एका गोंड गृहस्थांनीं हळूच विचारलें, “पूजेच्या वेळचीं कांहीं गाणीं बाहेरच्यांनीं ऐकायचीं नसतात. तीं कुठें ठेवायचीं?” दरपत्रक बाजूला सारून त्या प्रश्नावर मंडळी रात्रीपर्यंत बोलत होती. तीं गाणीं इंटरनेटशीं न जोडलेल्या वेगळ्या तबकडीवर ठेवावींत, एवढें ठरलें. तिची किल्ली कोणाच्या हातीं असावी, हें गांवांतील वडीलधाऱ्यांना विचारून ठरणार आहे.