बिझिकचा हिशेब

मेंढीकोट सगळ्यांना येतो. पाच-तीन-दोन, लाडीस, बदाम सात, झब्बू हेही निदान ऐकून तरी माहीत असतात. पण "बिझिक" म्हटलं की आजकालची मुलं "ते काय?" असं विचारतात. चूक त्यांची नाही. खेळ दोघांचाच, त्याला दोन कॅट लागतात, आणि गुण मोजायची पद्धत अशी की बघणाऱ्याला वाटावं इथे जमाखर्च चालला आहे. माहेरच्या भाचरांनी मागे लागून नियम लिहून मागितले, म्हणून आज हा पसारा मांडते आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी वेगळे नियम असतील तर भांडू नका. बिझिकमध्ये प्रत्येक घराचं थोडं वेगळं असतंच.

मूळ हा खेळ फ्रान्सचा, नाव बेझिक. आपल्याकडे येता येता त्याचं बिझिक झालं. चर्चिलसाहेबांना त्याचा फार नाद होता म्हणतात, आणि ते तर सहा कॅट घेऊन खेळत. आम्ही साधी माणसं, आमचं दोन कॅटांत भागे. दोन्ही कॅटांमधून दुर्रीपासून छक्कीपर्यंतची पानं काढून टाकायची. एकेका कॅटात ३२ उरतात, दोन मिळून ६४. प्रत्येकाला आठ-आठ पानं वाटायची, पुढचं पान उघडं करायचं, तो हुकूम. बाकीची गड्डी मध्ये पालथी.

आता पहिली गंमत. एक्क्याच्या खालोखाल मान राजाचा नाही, दश्शीचा! एक्का, दश्शी, राजा, राणी, गुलाम, नव्वी, अठ्ठी, सत्ती असा क्रम. शिकणारा इथे पहिल्यांदा अडखळतो. हात जिंकला की आधी जिंकणाऱ्याने गड्डीतलं एक पान उचलायचं, मग दुसऱ्याने. म्हणजे हातात कायम आठच. गड्डी संपेपर्यंत रंगाला रंग द्यायची सक्ती नाही. असे २४ हात होतात. नंतरचे शेवटचे आठ मात्र कडक शिस्तीचे: रंग द्यायचाच आणि वरचं पान असेल तर मारायचंच. एवढं झालं की बाकी सगळा मामला गुणांचा.

हात जिंकून मिळतं काय? जवळजवळ काही नाही. जिंकलेल्या हातांतल्या प्रत्येक एक्क्याला आणि दश्शीला १०. शेवटच्या हाताला आणखी १०. सगळे एक्के-दश्श्या मिळून १६, म्हणजे १६० गुण. आणि डाव तर १००० चा! मग उरलेले येतात कुठून? मांडणीतून. हात जिंकला की पुढचं पान उचलायच्या आधी तुम्हाला एक जुळणी समोर उघडी मांडता येते. एका हाताला एकच. दर इथे लिहून ठेवते:

एकाच रंगाचे राजा-राणी, म्हणजे लग्न: २०. हुकमाचं लग्न: ४०. हुकमाचे एक्का, दश्शी, राजा, राणी, गुलाम ओळीने: २५०. कोणतेही चार एक्के १००, चार राजे ८०, चार राण्या ६०, चार गुलाम ४०. हुकमाची सत्ती दाखवली की १०, आणि ती देऊन उघडं पडलेलं हुकमाचं पान घेता येतं. आणि ज्यावरून खेळाला नाव पडलं ते बिझिक, म्हणजे इस्पिकची राणी आणि चौकटचा गुलाम: ४०. दोन्ही राण्या आणि दोन्ही गुलाम एकाच वेळी समोर आले, तर एकदम ५००!

आमची आई हा खेळ शेवटपर्यंत शिकली नाही. "राजाराणीच्या लग्नाला वीस, आणि राणी भलत्याच गुलामाशेजारी बसली की चाळीस. असला खेळ सभ्य घरात हवा कशाला?" असं म्हणायची आणि आमचा चहा आणून ठेवायची. खेळ वडिलांनी नोकरीच्या गावाहून शिकून आणला होता. ते गेल्यावर मी आणि दादा, आम्ही दोघंच राहिलो खेळायला.

सगळे गुण दहाच्या पटीत असल्यामुळे आमच्याकडे कागद-पेन्सिल नव्हतीच. एक चिंचोका म्हणजे दहा, एक कवडी म्हणजे शंभर. लग्नाला दोन चिंचोके. दुहेरी बिझिक झालं की पाच कवड्या खळ्ळकन समोर ओतायच्या, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, दादा बँकेत आकड्यांत रमला. त्यामुळे चिंचोके मोजायचं काम कायम त्याच्याकडे.

खरी बुद्धी लागते ती काय मांडायचं आणि कधी, याला. समजा हुकमाची ओळ पुरी हातात आली. नवशिका पाचही पानं दणक्यात मांडतो आणि २५० घेतो. मुरलेला आधी फक्त राजा-राणी मांडतो, ४० घेतो, आणि पुढचा हात जिंकून त्यांच्याच शेजारी उरलेली तीन लावून २५० घेतो. एकूण २९०. उलट क्रमाने केलं तर ते ४० बुडाले, कारण ओळीत बसलेल्या राजा-राणीचं लग्न मग लावता येत नाही. पण थांबण्यातही धोका असतो. पुढचा हात मिळेल याची खात्री काय?

मांडलेली पानं समोर असली तरी तुमचीच असतात, पुढे ती खेळताही येतात. इस्पिकची राणी तीन प्रकारे कमावते: राजाबरोबर २०, गुलामाबरोबर ४०, चौघी राण्यांत ६०. (लग्न मात्र एका राणीचं एकदाच. तेवढी सभ्यता आहे.) पण दुसऱ्या बिझिकच्या आशेने तुम्ही राणी आणि गुलाम धरून बसलात, की आठातली दोन पानं अडकली. हात जिंकायला उरली सहा. आणि हात जिंकल्याशिवाय मांडायला मिळत नाही. तो अडलेला गुलाम समोरच्याला दिसत असतो, म्हणून तो दुसरा गुलाम मुद्दाम शेवटपर्यंत दाबून ठेवतो. माणसाचा स्वभाव इथे कळतो. दादा अर्ध्या डावात आशा सोडून राणी टाकून द्यायचा. मी कधीच सोडायची नाही. दोघंही सारखेच हरलो आणि सारखेच जिंकलो.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते. दादा आता ८१ वर्षांचा आहे. २०१९ पासून त्याचे कान गेले, यंत्र लावून गलका तेवढा वाढतो, शब्द कळत नाहीत. २०२१ साली वहिनी गेली. फोनवर बोलणं संपलंच. महिन्यातून एकदा मी साताऱ्याला जाते, तेव्हा घरात सगळे त्याच्याशी ओरडून बोलतात, तो हसून मान हलवतो, आणि मला माहीत असतं की त्याला काही ऐकू आलेलं नाही. इतका बोलका माणूस, पण चारचौघांत एकटा बसतो.

बिझिकला कान लागत नाहीत. मेंढीकोटात पानं मुठीत झाकलेली असतात, इथे निम्मा कारभार उघड्यावर. तो लग्न मांडतो, मी दोन चिंचोके सरकवते. मी चार राण्या मांडते, तो कपाळाला हात लावतो. दोन-दोन तास आमच्या गप्पा चालतात म्हणा ना! आणि एकदा का खेळ रंगला, की तो आपणहून बोलायला लागतो. गावाकडच्या गोष्टी, वडिलांच्या बदल्या, काय काय. वहिनीबद्दल मात्र अक्षर नाही. मीही विचारत नसे. ओरडून विचारायचा तो प्रश्न नव्हे.

मागच्या पावसाळ्यात एका डावात बदाम हुकूम होता. गड्डी संपत आली होती आणि हात एकामागून एक माझ्याकडे येत होते. शेवटचं पान उचललं गेलं, मांडणी बंद झाली. दादाने हातातली दोन पानं माझ्यापुढे उलटी करून दाखवली. बदामचा राजा आणि राणी. कधीपासून धरून बसला होता, पण मांडायला एक हात मिळाला नाही. "राहून गेलं गं," म्हणाला. मग पानांकडे बघतच वहिनीबद्दल बोलू लागला. शेवटच्या आठवड्यात तिला भेटू दिलं नव्हतं, तिला सांगायचं होतं ते काय होतं, सगळं. मी एक शब्द बोलले नाही, बोलून उपयोगही नव्हता. पुढचे आठ हात आम्ही त्या दिवशी खेळलोच नाही.

मी यातून तात्पर्य काढत बसणार नाही. चाळीस वर्षं धड्याखाली तात्पर्य लिहून घेतलं, आता पुरे. एवढंच म्हणते की दोघांना खेळता येईल असा एखादा खेळ घरातल्या म्हाताऱ्या माणसाबरोबर शिकून ठेवा, कान शाबूत आहेत तोवर.

अमेरिकेतल्या भाचीसाठी खास: तिकडे पिनकल नावाचा खेळ मिळेल, तो याचाच भाईबंद. तिथेही इस्पिकची राणी आणि चौकटचा गुलाम जोडीने बसतात, आणि जुन्या हिशेबात त्यांचे गुणही ४० च. तुझ्या शेजारच्या आजोबांना विचार, येत असेल.

दादाची अकरा वर्षांची नात आता शिकली आहे. रविवारी संध्याकाळी तिचा फोन येतो. परवा सांगत होती, "आजी, आजोबांचे १०४०, माझे ८७०. पण माझ्याकडे एक राणी आणि दोन गुलाम होते, आणि दुसरी राणी आजोबांनी दाबून ठेवली!"

म्हणजे आशा न सोडणाऱ्यांपैकी आहे. माझ्यावर गेली.