गोळीची वेळ

आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी घरोघर जाताना उशापाशी ठेवलेल्या औषधांकडे माझे सहज लक्ष जाते. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या उघड्यावर असतात. अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या गोळ्या मात्र बहुधा कपाटात, कपड्यांच्या घडीखाली असतात. मुलीचे लग्न मोडेल, मुलाची नोकरी जाईल, हे भय त्यामागे असते.

हे भय ख्रिस्तसभेलाही परके नव्हते. १९१७ च्या धर्मसंहितेने अपस्माराच्या रुग्णास गुरुदीक्षेसाठी अपात्र मानले होते. त्याच कलमात वेडाने व भूतबाधेने ग्रासलेल्यांचाही उल्लेख होता. १९८३ च्या संहितेत अपस्माराचे नाव उरले नाही. हिंदू विवाह कायद्यातील तसा अडसरही १९९९ मध्ये दूर झाला. कायदे सुधारले, घरे अजून कुजबुजतच आहेत.

लपवून घेतलेली गोळी कधी ना कधी चुकते, हे मला परिचारिका म्हणून आयुष्य वेचलेल्या एका धर्मभगिनीने समजावले. “फादर, ही औषधे रोग पुसून टाकीत नाहीत, मेंदूत अवचित उसळणारा विजेचा कल्लोळ आवरून धरतात,” असे त्या म्हणाल्या. १९१२ मध्ये फिनोबार्बिटाल आणि १९३८ मध्ये फेनिटॉइन उपयोगात आले, तेव्हापासून शुश्रूषेचा नियम एकच: रक्तातील औषधाची पातळी घसरू द्यायची नाही. झटके येत नाहीत म्हणून गोळी एकाएकी सोडली, तर एकामागून एक झटके येऊन प्राणावर बेतू शकते. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला उपाशी ठेवले, तरी डॉक्टरांना विचारल्यावाचून सिस्टर ही गोळी टाळीत नसत. फेनिटॉइनचे पातळ औषध बाटली नीट हलवूनच देत. एरवी वरचे फिके आणि तळाचे जहाल होते. या औषधाने हिरड्या सुजतात, म्हणून रुग्णाचे दात स्वच्छ राहतील हेही त्या पाहत.

झटका आलाच, तर काय करावे? रुग्णाला कुशीवर वळवावे. तोंडात चमचा घालू नये, कांदा वा चप्पल हुंगवू नये. घड्याळ पाहावे, पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

लपवाछपवीची सर्वांत मोठी किंमत नववधू मोजते. व्हॅल्प्रोएट या औषधाने गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते, बाळाच्या बुद्धीची वाढ खुंटू शकते. म्हणून दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध बदलण्याचा विचार करावा लागतो. घाबरून ते आपणहून बंद करणेही तितकेच धोक्याचे. सासरी चोरून गोळी घेणाऱ्या मुलीने हे कोणापाशी बोलावे, कोणाला सोबत घेऊन दवाखान्यात जावे?

विवाहपूर्व मार्गदर्शनासाठी येणाऱ्या जोडप्यांना मी हे आवर्जून सांगतो. परस्परांना आजार सांगणे हा विवाहातील प्रामाणिकपणाचाच भाग आहे. ज्या घरात सुनेच्या गोळीची वेळ सासूलाही पाठ असते, त्या घरात ती सहसा चुकत नाही.